भागवतचं अपडेट

सीताफळानं डोळे उघडले की मला घरात बसवत नाही. भाद्रपद सरता सरता आमच्या डोंगरावर फळांच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होतात, फुगतात, आणि बायका एकमेकींना सांगू लागतात, "डोळे पडले गं, उतरवायला झाले." मांजरसुंब्याच्या चौकात पाट्या मांडल्या जातात. येणारेजाणारे गाडी थांबवून फळ हातात घेतात, दाबून बघतात, वास घेतात. सगळ्या मुलखाचं तोंड गोड करणारा हंगाम आहे हा. मला मात्र त्या वासाबरोबर मोबाइलची टुण ऐकू येते. मोबाइल बंद असला तरी येते. आधी वाटायचं, कानाचा दोष असेल. आता तसं वाटत नाही.

याच दिवसांत घरोघर चुना कालवतात. घट बसायच्या आत भिंती पांढऱ्या झाल्या पाहिजेत. आमच्याही होतात, पण मेंढरांच्या गोठ्याची एक भिंत गेली दोन वर्षं तशीच राहिली होती. तिच्यावर कोळशानं तारखा लिहिलेल्या होत्या, माझ्या धाकट्या दिराच्या, भागवतच्या हातच्या. कशाच्या तारखा ते सांगितलं तर हसाल. हसा. आम्हीही हसायचो. त्याच्या मोबाइलचं मोठं अपडेट कधी येणार, याचा तो अंदाज होता.

आमचं घरच अंदाज सांगणाऱ्यांचं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, उभ्या जन्मात शाळेची पायरी चढले नाहीत. पण पेरणी धरावी की थांबावं, हे विचारायला शिकलेली माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसतात. टिटवीनं अंडी उंचावर घातली का, चिमण्या धुळीत न्हायल्या का, मुंग्या अंडी तोंडात धरून कुठल्या भिंतीनं चढल्या, एवढं बघून मामा सांगतात. चुकतातही. चुकले की म्हणतात, "पाऊस काय माझा जावई हाय, बोलावलं की याया?" त्यांचं हे बोलणं ऐकून ऐकून भागवत मोठा झालेला. मेंढरं राखायची, हातात मोबाइल, आणि डोकं बापाचं. त्यानं ते मोबाइलला लावलं.

त्याच्याही खुणा होत्या. आधी बारकी बारकी ॲपं ओळीनं नवी होतात, मग मोठं मागून येतं. काही न करता मोबाइल गरम लागला की आत काहीतरी शिजतंय. पुण्यातल्या मित्राला आलं की तिथून दिवस मोजायचे, कारण मोठ्या शहरांना आधी आणि आपल्याला शेवटी, हे पाण्याच्या पाळीसारखंच. सगळा हिशोब जुळला की गोठ्यात जाऊन कोळशानं तारीख लिहायचा. ती उलटून गेली की फुली मारायचा आणि खाली दुसरी लिहायचा. सात फुल्या झाल्या होत्या. पारावरची माणसं त्याला बघितल्याबरोबर सुरू व्हायची, "काय बे भागवत, कवा यायलंय तुझं अपडेट?" तो वर बघायचा, अगदी मामांसारखे डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "आभाळ तर भरलंय."

मामांना कळायचं नाही. एकदा जेवता जेवता त्यांनी विचारलं, "आल्यावर काय व्हतंय रं त्यानं?"

"काय न्हाई आबा. नवं व्हतंय."

"काय नवं व्हतंय?"

"मोबाइल त्योच. पर नवा."

मामांनी भाकरीचा घास तसाच हातात धरून त्याच्याकडे बघितलं होतं. मला हसू आवरेना. मी अंगणवाडीत सेविका. आमच्या कामाच्या ॲपचं अपडेट आलं की मी कपाळाला हात लावते, आणि हा पठ्ठ्या सासुरवाडीला निघालेल्या नवरदेवासारखी अपडेटची वाट बघायचा. मी त्याला तसं म्हणालेही. तो म्हणाला, "वैनी, तुला येड लागलंय. वाट बघायला काय तरी पायजेल का न्हाई माणसाला?"

हे वाक्य मला आता रोज जेवताना आठवतं.

पितृपक्ष लागायला दोन दिवस होते. भिंतीवर आठवी ओळ लिहून झाली होती, 'दसऱ्याच्या आत'. तारीख नव्हती. फुल्यांना कंटाळून त्यानं आपल्या बापाची रीत धरली होती. मामाही 'पोळ्याच्या आत', 'गौरीच्या मागं' असंच सांगतात. त्या दिवशी सकाळीच मोबाइल गरम लागत होता म्हणे. बॅटरी निम्म्याच्या वर नसेल तर अपडेट उतरत नाही, आणि डोंगरावर रेंजही धड नाही. तो दारात उभा राहून घुटमळत होता, मोबाइल न्यावा की ठेवावा. मीच म्हणाले, "ठिवा इथं, भावजी. चार्जिंगला लावते. आलं की हाक मारीन डोंगराकडं तोंड करून." तो हसला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि मेंढरं घेऊन गेला.

दुपारी परतीचं आभाळ आलं. मामा ओट्यावरून ओरडले, "फोन लाव त्याला, म्हणावं झाडाखाली थांबू नको, खाली उतर." मी फोन लावला. तो माझ्यामागं, भिंतीजवळ, चार्जिंगला लावलेला वाजला.

वीज कुठल्या झाडावर पडली ते आम्हाला संध्याकाळी कळलं. मेंढरं आपापली खाली आली होती. पुढचं मी लिहीत नाही.

गावात कोणी म्हणालं, बरं झालं मोबाइल जवळ नव्हता, मोबाइलवर वीज पडते. कोणी म्हणालं, जवळ असता तर पोरगं वाचलं असतं. दोन्ही बोलणी माझ्यासमोरच झाली. मोबाइल ठेवून घेणारी मी होते, हे घरात कोणी एका शब्दानंही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसलेलेच होते, पण एकही खाली येईना. आमचे हे म्हणजे माझे मालक जरा नव्या विचाराचे. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पंधरवडा चालूय. घरोघरी खीरवडे खाऊन पोटं भरल्यात त्यांची." पण तेही तिथून हलले नाहीत. माणूस गेला की त्याचं काय राहिलं ते ओळखायचं आणि ते करायचा शब्द द्यायचा, ही रीत. लग्न राहिलं म्हणावं तर त्याला लग्नाचं काय पडलेलं नव्हतं. भाऊबंदांनी एकेक सांगून बघितलं. मालक म्हणाले, "मेंढरं विकणार न्हाई, आबाकडं बघीन." कावळे बसलेलेच. ऊन चढलं. शेवटी मामा उठले. धोतराचा सोगा सावरत पिंडाजवळ गेले आणि हात जोडून, गावातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "भागू, तुझं ते अपडेट आलं की तुझ्याच मोबाइलात घालू. दुसऱ्याला देणार न्हाई मोबाइल. जा आता."

एक कावळा उतरला.

मी कोणाला काही पटवून द्यायला बसलेली नाही. भूक लागली असेल त्याला. पण तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसाला हसू आलं नाही, एवढं खरं.

तेराव्याचा निरोप त्याच्या मित्रांना त्याच्याच मोबाइलवरून द्यायचा म्हणून मी तो उघडला. मामा शेजारी बसले होते. मी 'मी' एवढंच टाइप केलं, भागवतची वहिनी बोलतेय असं पुढं लिहायचं होतं. तर अक्षरांच्या वर, जिथं मोबाइल आपणहून पुढचे तीन शब्द सुचवतो तिथं, मधोमध आलं: आलो. माझं बोट त्यावर पडलं. मग आलं: आबाला. मग: सांग. मी मधला शब्द दाबत गेले आणि वाक्य तयार झालं. मी आलो आबाला सांग मेंढरं पाण्यावर हायेत.

यात जादू काही नाही. माणूस रोज जे लिहितो ते मोबाइल ध्यानात ठेवतो. भागवत रोज मला डोंगरावरून उतरता उतरता हेच कळवायचा, रेंज आली की. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी ते पुसलं नाही.

"काय म्हणायलंय?" मामांनी विचारलं.

आणि मी वाचून दाखवलं. चूक झाली ती ही.

मामा जवळ सरकले. मग म्हणाले, "पाण्यावर म्हंजी कुटं? वरल्या तळ्यावर का?" मी पुन्हा मधला शब्द दाबला. आलं: हो.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला, मेंढरं आत घेतली की, मामा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "लाव." मी तीन शब्दांतून एक निवडत जायची. 'थांब येतो', 'लई ऊन हाय', 'वैनी भाकर ठेव'. कधी ओळ भरकटायची, 'लई लई लई' असं सुरू व्हायचं, मग मी एखादा शब्द स्वतः टाइप करून तिला वाटेवर आणायची. मामा उत्तरं द्यायचे. काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली ते सांगायचे. मला भीती वाटायची, आणि दुपार कलली की वाटही बघत बसायची. दोन्ही खरं आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं या दिवशी हत्यारं पुजतात. कुऱ्हाड, विळे, कातरी, मामांची काठी, सगळं धुऊन पाटावर मांडलं. मामांनी भागवतचा मोबाइलही आणून त्यात ठेवला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, असू द्या. हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि आरती सुरू असताना पाटावर टुण वाजली. काच उजळली. कुंकवाच्या टिळ्याखाली अक्षरं होती: नवीन अपडेट उपलब्ध आहे.

दसऱ्याच्या आत. एक दिवस आधी. सात फुल्या खाल्लेल्या पोराचा आठवा अंदाज बरोबर आला होता.

मालकांनी टाळ्या थांबवल्या आणि तोंडावर हात घेऊन बाहेर गेले. मामा पाटासमोर बसले होते. "आलं का?" ते म्हणाले. मी म्हणाले, "आलं." खाली दोन चौकटी होत्या, 'आत्ता' आणि 'नंतर'. माझं बोट 'आत्ता'वर गेलंही होतं. तेवढ्यात आठवलं, आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी असाच मोबाइल घेतला होता आणि गेल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, ह्या अपडेटनं टाइप करायची पाटीच बदलली, आधीचं शिकलेलं सगळं पुसून गेलं. म्हणजे 'मी' नंतर 'आलो' येणार नाही. रोजच्या दिवेलागणीला मामा 'लाव' म्हणतील आणि मोबाइल गप्प बसेल.

मी 'नंतर' दाबलं. मामांना सांगितलं, "चार्जिंग कमी हाय." काचेच्या कोपऱ्यात ब्याण्णव दिसत होतं. मामांना आकडे वाचता येत नाहीत.

दोन वर्षं मी रोज 'नंतर' दाबत आले. शिवशिव, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द रोज मोडायचा, तोही एका बोटानं! मामा अधूनमधून विचारायचे, "घातलं का गं त्याचं?" कधी मी रेंजवर ढकलायची, कधी कंपनीवर. भिंतीला चुना लावायला निघालं की ते काठी आडवी धरायचे, "त्याचं काम ऱ्हायलंय अजून." एकदा डोंगराच्या बाजूनं मोठ्यानं गडगडलं आणि त्याच क्षणी हातातला मोबाइल वाजला, तीच सूचना, आत्ता की नंतर. भागवतच विचारतोय असं मला वाटलं. मी मोबाइल धान्याच्या कोठीत नेऊन ठेवला आणि संध्याकाळी मुकाट्यानं काढून आणला.

मधल्या काळात मामांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. मामा घेईनात. "मेंढरं खात न्हाईत गोळ्या, मी कावून खाऊ?" मालकांनी समजावलं, मी समजावलं, उपयोग शून्य. मग एका संध्याकाळी मी भागवतच्या ओळीत स्वतःचे शब्द घुसडले. मी आलो आबाला सांग गोळ्या. मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. आत गेले आणि गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टाइप केलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. आठवड्यानं मला टाइप करावं लागेना, मोबाइल आपणहूनच सुचवू लागला, आबाला सांग गोळ्या. मी खूश झाले. माझी युक्ती लागू पडली होती.

पण हळूहळू ध्यानात आलं की 'मेंढरं' आता मधोमध येत नाही, कडेला येतं. 'पाण्यावर' तर येतच नाही. 'वैनी भाकर ठेव' कुठं गेलं कोण जाणे. त्याच्या जागी 'जेवण करा', 'काळजी घ्या', असे माझे, अंगणवाडीच्या बाईचे, स्वच्छ शब्द येत होते. ज्याला पुसलं जाऊ नये म्हणून मी शब्द मोडला, त्याला मी स्वतःच रोज थोडं थोडं पुसत होते. हे कळलं त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले आणि धूर फार झाला म्हणून सांगितलं.

यंदा सीताफळानं डोळे उघडले तेव्हा मी मोबाइल घेऊन मांजरसुंब्याला गेले. दुकानदारानं उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "ताई, ह्या मॉडेलला आता पुढचं काय येत नसतं. हे बी किती दिस राहील, सांगता येत न्हाई. टाकायचं तर टाकून घ्या." मी म्हणाले, "नंतर टाकते." तो म्हणाला, "नंतरचं मी सांगू शकत न्हाई."

पितृपक्षात भागवतचं पान वाढलं. संध्याकाळी मामा नेहमीप्रमाणं शेजारी येऊन बसले, पण 'लाव' म्हणाले नाहीत. काठीनं मातीत रेघ ओढत राहिले.

"पोरी, भागूला माझ्या गोळ्या कशा ठावं?"

मी मोबाइल मांडीवर ठेवला.

"गोळ्या तर त्यो गेल्यावर चालू झाल्यात."

मी म्हणाले, "मामा, मग तुमी इतके दिस बोलला कावून न्हाई?"

"काय बोलू? तू एवढ्या मायेनं वाचायलीस. अन् आधी त्यो बोलायचा गं. खरंच बोलायचा. मग मधीच कंदी तरी गेला अन् तू बोलायला लागलीस. मला कळलं, पर म्या म्हणलं, बसू दे. पोरीला बी कुणीतरी पायजेलच."

मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी वाचतेय. ते माझ्यासाठी ऐकत होते.

मग मी सांगून टाकलं. चार्जिंगचं खोटं, दोन वर्षांचं 'नंतर', सगळं. आणि जे कधी कोणी काढलं नव्हतं तेही, त्या सकाळी मोबाइल मीच ठेवून घेतला होता ते. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "ठावं हाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "उद्या घाल. कावळ्याला शबद दिल्याला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं मी बसले. माझ्या मोबाइलचं नेट त्याला जोडलं आणि 'आत्ता' दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ऊन सरकून मोबाइलवर आलं तसं मामांनी आपलं घोंगडं दोन्ही हातांनी वर धरलं, सावलीसाठी. हात भरून आले तरी खाली घेईनात. दुपारी काच काळी झाली. बराच वेळ काळीच राहिली. मग उजळली.

"आलं का?"

"आलं."

"काय नवं आलं?"

काय नवं ते मोबाइल स्वतःच सांगत होता. मी वाचलं, "बॅटरी जास्त टिकंल. अक्षरं मोठी करता येतील. अन् हसरी चित्रं आल्यात, नवी."

मामा म्हणाले, "बरं."

मी 'मी' टाइप केलं. वर तीन शब्द आले. आहे, आणि, तुम्ही. कुणाचेही असतील असे. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. मला त्या वेळी काहीही वाचता आलं असतं.

"काय न्हाई मामा," मी म्हणाले. "कुणी न्हाई."

त्यांनी मान हलवली, उठले आणि गोठ्यात गेले. कातरणी झाली की मेंढरांच्या पाठीवर आम्ही गेरूनं खूण करतो, एक आडवी रेघ आणि खाली ठिपका. ती दिसली की मेंढरू कुठंही चुकलं तरी लोक आमच्याकडं आणून सोडतात. तो गेरूचा वाडगा मामांनी काढला, बोट बुडवलं आणि भिंतीवरच्या आठव्या ओळीपुढं, जिथं फुली नव्हती तिथं, ती खूण केली. अक्षर न येणाऱ्या माणसानं बरोबर ती ओळ कशी ओळखली, मी विचारलं नाही.

"मारा आता चुना," ते म्हणाले.

मीच मारला. कोळसा एका हातात गेला. सात फुल्या गेल्या, तारखा गेल्या. गेरू जाईना. दुसरा हात मारला, तो वाळू दिला, तरी खालून गुलाबी दिसतच होता. तिसरा हात मारला. उद्या घट बसायचे होते, म्हणून मी पुन्हा चुना कालवायला बसले.

मामा दारात काठी टेकून उभे होते.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "चौथा हात मारू नको."